झिजायचं ते वायसरनं

रॉकेलच्या स्टोव्हला हवा भरताना पंपाचा दांडा हाताला जड लागला पाहिजे. तो नुसताच आत-बाहेर सरकू लागला, पंधरा-वीस वेळा मारूनही ज्योत उठेना, की ओळखायचं, वायसर सुकला. पंपाच्या तोंडाची टोपी डावीकडे फिरवून काढायची आणि दांडा सरळ ओढून बाहेर घ्यायचा. त्याच्या टोकाला छोट्या वाटीसारखं चामडं असतं, तोच वायसर, वाटीचं तोंड टाकीच्या बाजूला. दांडा दाबला की पुढे कोंडलेली हवा या वाटीच्या कडांना बाहेर रेटते, कडा नळीला घट्ट टेकतात आणि हवेला मागे वाट उरत नाही. दांडा ओढला की कडा सैल होतात आणि बाहेरची हवा त्यांच्या बाजूने पुढे शिरते. चामडं वाळून आक्रसलं की कडा नळीला टेकतच नाहीत. मग त्यावर गोडेतेलाचे किंवा खोबरेलाचे दोन-तीन थेंब सोडायचे, चिमटीत धरून मऊ होईपर्यंत चोळायचं, अंगठ्याने कडा चौफेर जराशा फाकवायच्या आणि दांडा गोल फिरवत परत आत घालायचा. गोल फिरवत घातला की कड मुडपत नाही. मुडपली तर सगळं पहिल्यापासून. चामडं चिरलंच असेल तर टोकाचा नट सोडवून नवं बसवायचं. पाच मिनिटांचं काम आहे, आणि एवढ्यावर पितळेची ती टाकी पुढची कित्येक वर्षं चालते.

जुन्या वस्तू दणकट होत्या असं सगळेच म्हणतात. ते अर्धं खरं आहे. त्या वस्तूंमध्ये एखादा भाग झिजण्यासाठीच ठेवलेला असायचा: स्वस्त, सुटा, घरच्या हाताने काढता-घालता येणारा. सगळी झीज त्याने सोसायची आणि बाकीच्या वस्तूने टिकायचं. स्टोव्हचा वायसर, पितळी पातेल्याची कल्हई, कंदिलाची वात, शिवणयंत्राची सुई, कुकरची रिंग. मागच्या पिढ्यांचं घरकाम म्हणजे स्वयंपाक, धुणं, भांडी एवढंच नव्हतं. या झिजणाऱ्या भागांवर डोळा ठेवणं हेही त्यातलंच एक मोठं काम होतं, आणि त्याचं नाव मात्र कामांच्या यादीत कधीच नसायचं.

हा बिनवातीचा स्टोव्ह 1892 साली स्वीडनमध्ये फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्टने घडवला. प्रायमस हे त्याचं नाव आपल्याकडे इतकं मुरलं की दुसऱ्या कुठल्या कंपनीचा असला तरी तो प्रायमसच. टाकीतल्या हवेच्या दाबाने रॉकेल, ज्याला कित्येक घरांत घासलेट म्हणत, मधल्या नळीतून वर बर्नरमध्ये चढतं. बर्नर तापलेला असेल तर तिथे त्याची वाफ होते. ती वाफ बर्नरमधल्या निपल नावाच्या तोटीच्या सुईएवढ्या छिद्रातून जोरात सुटते, सुटताना भोवतालची हवा ओढून घेते आणि निळी जळते. बर्नर थंड असेल तर वाफेऐवजी रॉकेलच बाहेर येतं. स्टोव्हचं सगळं शहाणपण या एका गोष्टीत आहे.

म्हणून आधी काकडा. चिमट्यासारख्या तारेला गुंडाळलेला तो बोळा स्पिरिटमध्ये किंवा रॉकेलमध्ये बुडवायचा, बर्नरच्या मानेला अडकवायचा आणि पेटवायचा. टाकीतली हवा सोडणारी चावी या वेळी उघडीच हवी. काकडा विझत आला, साधारण दोन मिनिटं झाली, की चावी बंद करायची आणि पंप हळूहळू तीन-चार वेळा मारायचा. ज्योत निळी आली, फरफर आवाज धरला, की मग हवा वाढवायची. घाई केली आणि अर्धवट तापलेल्या बर्नरवर पंप मारला की पिवळी ज्योत हातभर वर उठते. अशा वेळी पंप अजिबात मारायचा नाही. चावी उघडायची, हवा सोडून द्यायची, ज्योत बसू द्यायची आणि पुन्हा काकड्यापासून सुरुवात करायची.

नंतर भेडसावते ती काजळी. निपलच्या छिद्रात ती अडकली की ज्योत एका बाजूला झुकते किंवा बारीक होते. त्यासाठी पत्र्याच्या पट्टीला टोकाशी बारीक तार बसवलेली पिन मिळायची. ती सरळ घालायची, सरळ काढायची, आत फिरवायची नाही. रोज, गरज नसताना पिन मारण्याची सवय वाईट. निपल पितळेचं असतं, तार त्याहून कडक. छिद्र हळूहळू रुंद होतं, लांबट होतं, रॉकेलची वाफ जास्त आणि हवा कमी असं प्रमाण बिघडतं आणि भांड्यांचे तळ काळे होऊ लागतात. लोक बर्नरला दोष देतात, बदलायला हवं असतं निपल. त्याची लांब दांड्याची चावी वेगळी मिळते, बर्नरच्या आतून घालून फिरवायची. बर्नर आणि नळी यांच्या सांध्यात शिशाचा चपटा वायसर असतो. बर्नर उघडला की तोही नवाच घालायचा, कारण एकदा दबलेलं शिसं दुसऱ्यांदा तितकं घट्ट बसत नाही आणि सांध्यातून वाफ गळू लागते.

आणखी एक खूण सांगण्यासारखी आहे. स्टोव्ह पेटलेला असताना पंपाचा दांडा आपोआप वर येऊ लागला, तर पंपाच्या तळाचा व्हॉल्व हवा मागे सोडतो आहे. त्यात स्प्रिंगवर बसलेला रबराचा किंवा बुचाचा चिमुकला तुकडा असतो, तो कडक झाला की हे होतं. लगेच विझवून व्हॉल्व बदलायचा, कारण हवेपाठोपाठ रॉकेल पंपात येतं आणि तिथून बाहेर, पेटत्या बर्नरपासून वीतभर अंतरावर.

टाकी पाऊणच भरायची, कारण वरच्या पाव भागात हवा दाबायला जागा लागते. रॉकेल नरसाळ्याला मलमलचं फडकं लावून गाळून ओतायचं. रेशनच्या निळ्या रॉकेलमध्ये पाणी निघालं तर ते टाकीच्या तळाशी बसतं आणि वर चढणारी नळी नेमकी तळापर्यंत गेलेली असते. म्हणून आधी पाणीच वर येतं आणि ज्योत चटचट करत फुटते. महिन्यातून एकदा टाकी उपडी करून तळाचा गाळ काढणारी बाई हे सगळं जाणून असायची, तिला कुणी शिकवलं नसलं तरी.

इथे एक गोष्ट बोलल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ‘स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू’ ही ओळ मराठी वर्तमानपत्रांत वर्षानुवर्षं छापून येत राहिली. स्टोव्ह भडकतो, साडीचा पदर पेटतो, अशा खऱ्या दुर्घटना घडल्या. पण त्या ओळीआड खूनही झाकले गेले. तेव्हाच्या भारतीय दंड संहितेत 1983 साली सासरच्या छळाचं 498अ हे कलम आलं आणि 1986 साली हुंडाबळीचं 304ब, त्यामागे अशाच मृत्यूंची रांग होती. स्टोव्ह कशाने भडकतो याची कारणं मोजकी आहेत आणि ती रोज स्टोव्ह पेटवणाऱ्या प्रत्येकीला ठाऊक होती. त्यामुळे ती ओळ वाचताना शेजारपाजारच्या बायका गप्प व्हायच्या, त्या गप्प होण्याला अर्थ होता.

आता कल्हई. पितळेच्या पातेल्यात ताक ठेवलं, आमसुलाची आमटी केली, तर आंबटाने पितळेतलं तांबं सुटतं, पदार्थ हिरवट होतो, तोंडात तुरट-कडवट चव राहते. मराठीत त्याला नेमका शब्द आहे, कळकणं. ताक कळकलं म्हणजे ते टाकून द्यायचं, त्यावर दुसरा इलाज नाही. पितळ आणि पदार्थ यांच्यामध्ये कथलाचा पापुद्रा हवा. तोच झिजणारा भाग. तो घासून, शिजवून, ढवळून उडतो, आतून पिवळं दिसू लागतं आणि मग गल्लीत ‘कल्हईऽऽ’ अशी हाक येण्याची वाट बघायची.

कल्हईवाला अंगणात किंवा रस्त्याच्या कडेला हातभर खड्डा खणून कोळशाची भट्टी लावायचा आणि शेजारी भाता बसवायचा. पण खरं काम त्याआधी. भांडं आतून स्वच्छ झाल्याशिवाय कथील धरत नाही. म्हणून वाळू टाकून, वर गोणपाटाचा तुकडा ठेवून पोऱ्या त्यात उभा राहायचा आणि भिंतीला धरून कमरेतून डावी-उजवी गिरकी घेत पायांनी भांडं घासायचा. मग भांडं भट्टीवर. पक्कडीत धरून फिरवत राहायचं, सगळीकडून सारखं तापवायचं. पुरेसं तापलं की चिमूटभर नवसागर आत टाकायचा आणि कापसाच्या बोळ्याने फिरवायचा. पांढरा, नाकाला झोंबणारा धूर उठतो. हा धूर म्हणजे नवसागर धातूवरचा गंज खाऊन टाकत असल्याची खूण. त्याच क्षणी कथलाची कांडी भांड्याला टेकवायची. कथील 232 अंशांना वितळतं, म्हणजे कांडी टेकताच तिचा चकचकीत थेंब होतो. तोच बोळा पुन्हा घेऊन तो थेंब तळापासून काठापर्यंत ओढत न्यायचा. काळपट पितळ बघता बघता आतून चांदीसारखं पांढरं होत जातं. मग भांडं पाण्याच्या बादलीत, चर्र.

चुकतं कुठे? नवसागर कमी पडला किंवा मळ राहिला तर तिथे कथील बसत नाही, पिवळे ठिपके उरतात. भांडं जास्त तापलं तर कल्हई पिवळसर, निळसर होते आणि लवकर जाते. घेताना तळ आणि भिंत जिथे मिळतात तो कोपरा बघायचा, बोळा तिथेच नीट पोचत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, कथलात शिसं मिसळलेलं नाही ना. शिसं स्वस्त असतं, पण विषारी, आणि आंबट पदार्थात उतरतं. शुद्ध कथलाची कांडी कानाजवळ धरून वाकवली तर ती करकरते, धातूच्या आतले स्फटिक एकमेकांवर घासल्याचा तो आवाज. शिसं मिसळलेली कांडी मुकाट वाकते. जाणत्या बाया कल्हईवाल्याला आधी कांडी वाकवून दाखवायला सांगत, आणि चांगला कल्हईवाला न सांगता दाखवत असे.

कल्हई टिकवण्याचेही नियम होते. आतून राख किंवा वाळू लावायची नाही, साध्या काथ्याने घासायचं. रिकामं भांडं चुलीवर ठेवायचं नाही. कल्हईच्या भांड्यात काही कोरडं भाजायचं नाही, कारण कोरडं भांडं 232 अंशांपलीकडे सहज जातं आणि कल्हई ओघळून तळाशी गोळा होते. बाहेरून मात्र चिंच, आमसूल, राख, रांगोळी, काय हवं ते. चिंचेतलं आम्ल तांब्या-पितळेवरचा काळा थर विरघळवतं. लगेच भरपूर पाण्याने धुऊन पुसलं नाही तर तेच आम्ल हिरवा डाग मागे ठेवतं. हंडे, कळश्या, घागरी यांना आतून कल्हई लागत नाही, त्यांत नुसतं पाणी असतं.

पुण्यात तांबट आळीत हातोड्यांचा ठोका आजही ऐकू येतो आणि नाशिकच्या तांब्या-पितळेच्या भांड्यांचं नाव अजून आहे. पण स्टीलची भांडी आली आणि घरोघरचं पितळ मोडीत गेलं. वजनावर गेलं. स्टील कळकत नाही, कल्हई मागत नाही, आणि दोन वेळा भांडी घासणाऱ्या हातांना त्यात खरा आराम मिळाला. त्याबद्दल हळहळ करणाऱ्याने एकदा पंचवीस माणसांची पितळी भांडी राखेने घासून बघावीत. हळहळ वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. मोडीत गेलेल्या पातेल्याच्या जागी काय आलं हे सगळ्यांना माहीत आहे, पण त्या पातेल्याबरोबर जे ज्ञान घरात होतं ते कुठे गेलं, ते कुणी विचारलं नाही.

पाणी तापवायच्या तांब्याच्या बंबाचा नियम एका ओळीत सांगता येतो. पाणी आधी, विस्तव नंतर. मधल्या नळीत ढलप्या, गोवऱ्या, कोकणात नारळाची सोडणं, काहीही जाळा. भोवती पाणी आहे तोवर तांबं शंभर अंशांच्या फार वर जात नाही. पाणी आटलं की सांध्यांचा डाख वितळतो आणि बंब गळू लागतो. विहिरीचं जड पाणी असेल तर नळीवर पाण्याच्या बाजूने पांढरा थर चढत जातो, पाणी तापायला उशीर होऊ लागतो, सरपण जास्त लागतं. चिंचेचं पाणी भरून रात्रभर ठेवलं की थर सुटतो.

कंदिलाची काच दुपारची. उजेड असतानाच ती पुसून ठेवायची, अंधार पडल्यावर नाही, कारण काजळीचा अंधुक पट्टा दिव्याच्या उजेडात दिसत नाही. आत मऊ फडकं घालून, राखेची किंवा रांगोळीची चिमूट घेऊन पुसायची. ओली काच कधीच पेटत्या दिव्यावर बसवायची नाही, एक थेंब पुरतो तडकायला. वात कापताना कात्रीने सरळ आडवी कापायची आणि दोन्ही कोपऱ्यांचं टोक इवलंसं उडवायचं. कोपरे तसेच ठेवले तर ज्योतीला दोन शिंगं फुटतात आणि काचेला दोन काळ्या रेघा. नेहमी कापायचीही गरज नसते, जळका भाग कापडाने चोळून काढला तरी वात सारखी होते आणि जास्त दिवस पुरते. टाकी कोरडी पडू द्यायची नाही. रॉकेल असतं तोवर रॉकेल जळतं, संपलं की वातच जळते.

जात्याला मात्र सुटा झिजणारा भाग नाही. तिथे दगड स्वतःच झिजतो. काळ्या दगडाच्या दोन तळ्या, खालच्या तळीत लोखंडी खीळ, वरच्या तळीच्या तोंडात आडवी मांकडी, बाजूला खुंटा. मांकडी आणि खीळ यांच्यामध्ये कापडाची चकती किंवा चामड्याचा तुकडा घालून वरची तळी केसभर उचलायची, की पीठ जाडसर पडतं. काढला की बारीक. भाकरीचं पीठ आणि भरड यांतला फरक एवढ्या तुकड्यात असायचा. दळून दळून तळ्या गुळगुळीत झाल्या की दाणा नुसता घसरतो, पीठ गरम येतं, हात भरून येतात. मग टाकी लावून घ्यायची. छिन्नी-हातोडीने तळीभर बारीक खड्डे पाडत जायचे, मधे मोठे, कडेकडे बारीक, कारण मधे दाणा फुटायला हवा आणि कडेला पीठ व्हायला हवं. टाकी लावलेल्या जात्याचं पहिलं दळण घरात घ्यायचं नाही. पसाभर हलके तांदूळ किंवा कोंडा दळून टाकून द्यायचा, जात्याची कचकच त्याच्याबरोबर जाते. पाटा-वरवंट्याचंही हेच, फक्त तिथे जाडं मीठ वाटून टाकतात. दर टाकीला दगड थोडा पातळ होतो. आजीच्या सासूने वापरलेलं जातं नातसुनेपर्यंत आलं की वरची तळी हाताला हलकी लागते, इतकी.

शिवणयंत्रं अजून घराघरांत आहेत, म्हणून त्यांच्याबद्दल सविस्तर. सिंगरचं परदेशी यंत्र असो की 1930च्या दशकात कलकत्त्यात बनू लागलेलं उषा, काळ्या ओतीव लोखंडाच्या या यंत्राला एकच गोष्ट मारते, चुकीचं तेल. घरात हाताशी असतं म्हणून खोबरेल घातलं की थंडीत ते थिजतं, पुढे त्याचा चिकट राळेसारखा थर होतो, चाक जड फिरतं आणि लोक म्हणतात यंत्र जुनं झालं. जुनं झालेलं नसतं, चिकटलेलं असतं. सगळ्या छिद्रांत रॉकेलचे दोन-दोन थेंब सोडायचे, दोरा काढून, कापड दाबणारा यंत्राचा पाय वर उचलून पाच मिनिटं नुसतं चालवायचं. तपकिरी घाण बाहेर येते ती पुसायची, पुन्हा रॉकेल, पुन्हा चालवायचं. स्वच्छ रॉकेल बाहेर यायला लागलं की थांबायचं, सुकू द्यायचं आणि मग शिवणयंत्राचं पातळ पांढरं तेल घालायचं, एका छिद्रात एकच थेंब. रात्रभर सोडून द्यायचं. सकाळी आधी चिंधीवर शिवायचं, नाहीतर नव्या कापडावर तेलाचा डाग पडतो.

सुई मोजून बदलायची, मोडेपर्यंत थांबायचं नाही. बोथट सुई कापडात जाताना टकटक आवाज करते, टाके सोडते. टाका सुटला की आधी सुई बघायची, ती वाकलीय का, तिची चपटी बाजू चुकीच्या दिशेला बसलीय का, पूर्ण वर सरकलीय का. दहांतल्या आठ तक्रारी इथेच मिटतात. कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याचा गुंता होत असेल तर लोक बॉबिनशी, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या रिळाशी, झटत बसतात, दोष बहुतेक वेळा वरच्या दोऱ्यात असतो: तो टेन्शनच्या चकत्यांमध्ये नीट बसलेला नसतो. पाय वर उचलून दोरा नव्याने ओवायचा, पाय खाली असताना चकत्या मिटलेल्या असतात आणि दोरा त्यांच्यावरच राहतो. बॉबिनचा ताण तपासायची रीत देखणी आहे. बॉबिन केसमध्ये घालून दोऱ्याचं टोक धरायचं आणि केस हवेत लटकती सोडायची. ती तशीच लटकून राहिली पाहिजे. मग हाताला अगदी हलका झटका द्यायचा. केस दोन-तीन बोटं खाली सरकून थांबली तर ताण बरोबर. झपकन जमिनीकडे निघाली तर केसवरचा इवला स्क्रू पाव वळसा आवळायचा, हललीच नाही तर पाव वळसा सैल. पावच. अर्धा नाही.

कापड सरकवणाऱ्या दातांच्या पट्टीखाली कापडाचे तंतू साचून नमद्यासारखा थर बनतो, तो पट्टीचे दोन स्क्रू काढून जुन्या दाताच्या ब्रशने काढायचा. चामडी पट्टा सैल झाला की क्लिप उघडून पाव इंच कापायचा, टोचणीने नवं भोक पाडायचं, क्लिप पुन्हा दाबायची. फार घट्ट केला तर पायाला जड जातं आणि चाकाच्या आसाला त्रास होतो. सिंगरच्या बैठकीवर कोरलेला क्रमांक असतो. 1900 पासूनच्या क्रमांकांच्या आधी अक्षरं आहेत आणि त्यावरून यंत्र कुठल्या साली बनलं हे आजही शोधता येतं. ज्यांच्या घरी आहे त्यांनी शोधून बघावं. शंभरी गाठलेलं यंत्र घरात निघणं काही नवलाचं नाही, आणि बाजारात आज मिळणारी साधी घरगुती सुई त्यातल्या बहुतेकांना बसते.

भिंतीवरच्या लंबकाच्या घड्याळाला आठवड्याचा एक वार ठरलेला असायचा. तबकडीवर दोन भोकं असतात, बहुतेक घड्याळांत उजवीकडचं चालीचं आणि डावीकडचं ठोक्यांचं. दोन्हीला चावी त्याच दिवशी, घट्ट लागेपर्यंत, त्यापुढे जोर नाही. घड्याळ मागे पडत असेल तर लंबकाखालचा नट फिरवून गोळा थोडा वर घ्यायचा, पुढे जात असेल तर खाली. लोखंडी दांड्याचा लंबक असेल तर थंडीपेक्षा वीस अंश जास्त असलेल्या उन्हाळ्यात तो लांबल्यामुळे घड्याळ दिवसाला दहाएक सेकंद मागे पडतं, आठवड्याला मिनिटाहून जास्त. म्हणून चैत्रात गोळा जरा वर, कार्तिकात जरा खाली. टिक आणि टॉक यांच्यातलं अंतर सारखं ऐकू आलं पाहिजे. लंगडं ऐकू आलं तर घड्याळ भिंतीवर तिरकं आहे, खालची बाजू केसभर सरकवून कानाने जुळवायचं. काटे मागे फिरवायचे नाहीत.

हे सगळं काम मुख्यतः बायकांच्या हातून झालं. घड्याळाची चावी तेवढी घरातल्या पुरुषाकडे असायची, कारण ते आठवड्यातून एकदा आणि सगळ्यांच्या देखत करायचं काम होतं. रोजचा काकडा, रोजची काच, रोजचं दळण तिच्याकडे. दुरुस्ती म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पान्हा घेतलेला मिस्त्री येतो, पण वायसरला तेल लावणारी, कथलाची कांडी वाकवून बघणारी, जात्याची चकती बदलून पीठ बारीक करणारी बाई हीसुद्धा यंत्र जाणणारीच होती. तिने स्वतःला कधी तसं म्हटलं नाही आणि घरानेही म्हटलं नाही.

1959च्या सुमारास भारतात प्रेशर कुकर बनू लागले आणि झिजणाऱ्या भागांची ही शहाणी रचना त्यांतही आली. शिट्टीचं वजन दाब ठरवतं, आत पाणी 120 अंशांच्या आसपास उकळतं. शिट्टीची नळी चोंदली तर सेफ्टी व्हॉल्वमधला मऊ धातू वितळतो आणि वाफेला वाट देतो, स्वतः जाऊन कुकर वाचवतो. तो गेला की दुरुस्त करायचा नाही, त्याच कंपनीचा नवा घालायचा, आणि आधी तो का गेला ते बघायचं: पाणी संपलं होतं की डाळीचा फेस नळीत अडकला होता. कुकर लावण्याआधी झाकण उजेडाकडे धरून नळीतून पलीकडचं दिसतंय ना हे बघायला एक क्षण लागतो. रिंग धुऊन, पुसून, झाकणातून काढून सैल ठेवायची. कडेने वाफ निघायला लागली, दोन बोटांत चिमटल्यावर रिंग मऊ लागेना, की ती संपली. तेल लावून चालवायची नाही, तेलाने रबर फुगतं.

मिक्सरमध्येही तेच. भांड्याच्या खाली आणि मोटारीच्या डोक्यावर दातेरी कपलर असतो. खोबऱ्याचा तुकडा पात्याखाली अडकला की त्याचे दात तुटतात, आणि तुटले म्हणून मोटार जळत नाही. तुटलेला कपलर बघून मिक्सर हलका आहे असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. मोटारीच्या दोन बाजूंना कार्बन ब्रश असतात, झिजत झिजत अगदी छोटे होतात. मोटार अडखळू लागली, आतून ठिणग्या जास्त दिसू लागल्या, की दोन्ही एकदम बदलायचे, एकच कधी नाही. बरेच चांगले मिक्सर केवळ या दोन काळ्या तुकड्यांसाठी भंगारात जातात.

जुन्या घरांत फळीवर एक डबा असायचा, बहुधा बिस्किटांचा पत्र्याचा. त्यात दोन निपल, पिनांचं पाकीट, कागदात गुंडाळलेला चामडी वायसर तेल लावून ठेवलेला, फ्यूजची तार, शिवणयंत्राच्या सुया, एक जादा बॉबिन, कंदिलाची वात, नळाचा रबरी वायसर, सुतळी. कुणी मुद्दाम गोळा केलेला नव्हता, गरजेने साठत गेला होता. आज भरायचा असेल तर त्यात कुकरची रिंग, कपलर, कार्बन ब्रशची जोडी, नळाचे वायसर आणि यंत्राच्या सुया एवढं पुरे. रबर मात्र फार आधी आणून ठेवू नये, ते न वापरताही कडक होतं. आणि नवा भाग आणायला जाताना जुना सोबत न्यावा. दुकानदार लिटर विचारतो, पण त्याच लिटरच्या दोन कुकरांच्या रिंगा सारख्या असतातच असं नाही. जुनी रिंग काउंटरवर ठेवायची, नवी तिच्यावर ठेवायची, आणि दोन्ही बरोबर जुळल्या की मगच पैसे द्यायचे.